बोटीचे कात्रण

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या मागे एक खिळा आहे. विजेचे बिल, गॅसची पावती, डॉक्टरांची चिठ्ठी आणि ज्यांचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही असे सगळे कागद त्या खिळ्याला टोचलेले असतात. २०२१ सालच्या सप्टेंबरात, गणपती पोचवून आठ दिवसही झाले नसतील, त्या खिळ्यावर वर्तमानपत्राचे एक कात्रण आले. मुंबई ते गोवा, बोटीने. चित्रात पांढरीशुभ्र बोट होती. एखादी आठ-दहा मजल्यांची इमारत रंगवून समुद्रात सोडून दिल्यासारखी.

मी ते वाचले आणि चष्मा काढून ठेवला.

"अगं, गोव्याला?"

बेळगावच्या माणसाला गोवा म्हणजे परसदार. चोर्ल्याच्या घाटाने सकाळी निघाले की दुपारचे जेवण पणजीत. त्यासाठी आधी रात्रभर पाचशे किलोमीटर उलटे मुंबईला जायचे, तिथे पैसे मोजून बोटीत बसायचे आणि उतरायचे कुठे, तर पुन्हा गोव्यातच! याला आपल्याकडे द्राविडी प्राणायाम म्हणतात. आमच्या भागात हा शब्द शेजारीपाजारी बघून वापरावा लागतो, ही गोष्ट वेगळी.

"मी गोव्याला जायचंय म्हटलंच नाही," सौ. म्हणाली. "मी बोटीतनं जायचंय म्हणतेय."

मी पस्तीस वर्षे हायस्कुलात भूगोल शिकवला. माझ्या दृष्टीने प्रवास म्हणजे इथून तिथे. मधल्या वस्तूसाठीच प्रवास करायचा, हे माझ्या विषयात बसत नव्हते. तेव्हा मी माझे नेहमीचे उत्तर दिले. "बघू."

हा शब्द मी आयुष्यभर वापरत आलो आहे. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर त्याच कामासाठी 'नोडोण' वापरतात. दोन्ही भाषांत अर्थ एकच, आणि दोन्ही घरांतल्या बायकांना तो पाठ आहे.

बोटीचे हे वेड आजचे नव्हे. सौ.चे माहेर वेंगुर्ल्याचे. १९६०च्या दशकात मुंबई–पणजी मार्गावरच्या बोटी वेंगुर्ल्याला लागत. लागत म्हणजे काय, बोट बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या होड्यांतून तिच्यापर्यंत नेत. रोहिणी, चंपावती, पुढे कोकण सेवक आणि कोकण शक्ती. ही नावे ही अजून घरातल्या माणसांसारखी घेते. रात्री बोट आली की भोंगा व्हायचा, आणि ही व हिची ताई "बोट इली गे!" म्हणत परकर सावरीत बंदराकडे धावायच्या. काळ्या पाण्यावर दिव्यांची ती माळ. कुणी उतरायचे, कुणी चढायचे, आणि माळ हळूहळू सरकत दिसेनाशी व्हायची. घरी परत जाताना ताई दर वेळी म्हणायची, तिकडून आपला गाव कसा दिसत असेल गे?

वडील एका पेढीवर कारकून होते. "फुडल्या दिवाळेक नेतंय तुमका मुंबैक," असे ते दर दिवाळीला सांगत. पण घरात आजी होती, आणि आजीच्या तोंडी 'रामदास' बोट होती. १७ जुलै १९४७ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्या घरातले कुणी तिच्यावर नव्हते. पण कोकणातल्या कितीतरी घरांत त्या बोटीने पुढची दोन पिढ्यांची तिकिटे रद्द केली. पुढे रस्ते झाले, एस.टी. झाली, आणि १९८०च्या दशकासोबत ती बोटवाहतूकही संपली. तोवर ही लग्न होऊन आंबोलीचा घाट चढून बेळगावला आली होती. समुद्र पाठीमागे राहिला.

खरे तर संधी आधीही आली होती. २०१८च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' नावाची बोट मुंबई–गोवा सुरू झाली, तेव्हाही कात्रण खिळ्यावर आले होते. तेव्हाही मी 'बघू'च म्हणालो. तेव्हा ना साथ होती, ना मास्क, ना कसली चाचणी. गुडघे बरे होते, हातात पेन्शन होती. न जाण्याला काहीही कारण नव्हते, आणि तरी आम्ही गेलो नाही. २०२०च्या मार्चमध्ये सगळ्याच बोटी थांबल्या आणि मला मात्र, खोटे कशाला सांगू, थोडे सुटल्यासारखे वाटले. आता न जाण्याला कारण मिळाले होते, आणि तेही जागतिक.

२०२१च्या त्या सप्टेंबरात मी मास्तरी पद्धतीने कामाला लागलो. एक दोनशे पानी वही घेतली. पहिल्याच पानावर लिहिले : डायमंड प्रिन्सेस. फेब्रुवारी २०२०मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात अडकवून ठेवलेली ती बोट वाचकांना आठवत असेल. बोटीवर ३,७११ माणसे. त्यांतल्या सातशेहून अधिक जणांना लागण झाली. कर्मचारी आणि प्रवासी मिळून आपले १३८ भारतीय त्यात होते. प्रवाशांना खोल्यांत बंद केले. पण जेवण करणारे, ताटे पोचवणारे, चादरी धुणारे हात तेच होते, आणि ते हात रात्री एकाच खोलीत दाटीने झोपत होते. साथ दाराखालून नव्हे, ताटाबरोबर फिरली असणार असे मला तेव्हा वाटले. दुसऱ्या पानावर लिहिले की क्वारंटाइन हा शब्दच मुळी बोटींचा आहे. प्लेगच्या काळात व्हेनिसवाले बाहेरून आलेली बोट चाळीस दिवस बंदराबाहेर उभी करीत, आणि त्यांच्या भाषेतल्या चाळीसवरून तो शब्द आला. हे मी सौ.ला मोठ्याने वाचून दाखवले. ती भाजी निवडत होती. "चाळीस दिवस बोटीवर!" ती म्हणाली. "बरंच की."

हिचा एक भाचा सावंतवाडीचा, परदेशी बोटींवर स्वयंपाकघरात आहे. त्याला फोन केला. २०२०मध्ये प्रवासी उतरवून नुसते कर्मचारी घेऊन समुद्रात उभ्या राहिलेल्या एका बोटीवर तो तीन महिने अडकला होता. त्याने मला धंद्यातल्या चार गोष्टी सांगितल्या. जाहिरातीतला आकडा म्हणजे आतल्या बाजूच्या, खिडकी नसलेल्या केबिनचा. त्यावर बंदराचा आकार, कर आणि नोकरांची बक्षिसी वेगळी. खिडकीच्या केबिनला जास्त, गॅलरीला त्याहून जास्त. "काका, पैसे वाचवायचे तर जेवणात वाचवा, खिडकीत वाचवू नका. उद्या खोलीत बंद करून ठेवलं तर खिडकीच कामाला येते." हे सगळे मी लिहून घेतले. पुढे तो म्हणाला, "मावशीला विचारलंत का, तिला नेमकं काय बघायचंय?" हे मी लिहून घेतले नाही.

मुलगा पुण्याहून फोनवर ओरडला. "बाबा, दोघं पासष्टीच्या पुढं, आईला साखर, आणि तुम्ही दोन हजार माणसांच्या डब्यात बसणार?" त्याचेही खरे होते. आमच्या गावाने त्या दोन वर्षांत पुष्कळ पाहिले होते. सप्टेंबर २०२०मध्ये आमचे खासदार, केंद्रातले रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी कोरोनाने दिल्लीत गेले. दुसऱ्या लाटेत सदाशिवनगरच्या स्मशानाच्या बातम्या आम्ही पेपरची घडी उलटी करून ठेवत वाचल्या.

आणि ताई गेली. मे २०२१. बेळगावहून सावंतवाडी शंभरेक किलोमीटर. पण दोन्ही बाजूंना निर्बंध. इकडे बाचीचा नाका, पलीकडे शिनोळीपासून महाराष्ट्र. चाचणीचा कागद पाहिजे, तो यायला दोन दिवस, आणि ताईकडे दोन दिवस नव्हते. ज्या सीमेवर आम्ही जन्मभर भाषणे ऐकली, मोर्चे पाहिले, ती सीमा एरवी आम्हाला दूधवाल्याइतकी परिचयाची होती. कधी ओलांडली ते कळतही नसे. त्या दिवसांत ती खरोखरीची सीमा झाली. सौ.ने बहिणीचे अखेरचे दर्शन मोबाइलच्या पडद्यावर घेतले, तेही मध्येच थांबणाऱ्या. नंतर तिने फोन पदराने पुसून ठेवला आणि चार महिने त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. मग एके दिवशी खिळ्यावर बोटीचे कात्रण आले. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे माझ्या लक्षात यायला नोव्हेंबर उजाडला.

लक्षात आल्यावर मात्र मी वही मिटली आणि टिळकवाडीतल्या एका एजंटाकडे गेलो. गृहस्थ कन्नड, मराठी आमच्यापेक्षा गोड. "बुक करून सोडा की ओ सर! क्यान्सल करायला काय, एक फोन." पण कागद वाचल्यावर तो फोन चांगलाच महाग होता. महिनाभर आधी रद्द केले तर थोडी कपात, पंधरा दिवसांच्या आत केले तर जवळजवळ सगळेच गेले. आणि बोटवाल्यांनीच फेरी रद्द केली तर पैसे नव्हेत, पुढच्या सफरीचे पत्र मिळणार. आमच्या वयाच्या माणसांना पुढच्या सफरीचे पत्र! मला हसू आले. तरी मी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख धरून ठेवायला सांगितले आणि घरी येऊन जाहीर केले, "जायचं."

दोन दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, जागतिक आरोग्य संघटनेने ओमिक्रॉनचे नाव घेतले. २ डिसेंबरला भारतातले पहिले दोन रुग्ण जाहीर झाले, ते आमच्याच राज्यात, बंगळुरात. एजंटाचा फोन आला. पैसे शनिवारपर्यंत भरले पाहिजेत.

त्या शनिवारी सकाळी आम्ही दोघे स्वयंपाकघरात बसलो. चहा निवून गेला.

"तुम्ही जायचं म्हणताय," ती म्हणाली. "मनापासून, की मी रागावीन म्हणून?"

"मनापासून."

"बोटीवर ताप आला तर काय करतात? तुमच्या वहीत असेल."

"वेगळ्या केबिनमध्ये ठेवतात."

"तुम्हाला एका आणि मला एका."

"हो."

तिने बराच वेळ काही म्हटले नाही. मग म्हणाली, "मला आजाराचं भय वाटत नाही. मला दाराचं वाटतं. ताई नऊ दिवस आत होती. फोनवर मला एवढंच म्हणाली, दार बंदच आसता गे." आणि मग : "नको. या खेपेला नको."

मी सवयीने म्हणालो, "बरं, बघू."

तेव्हा ती चिडली. बेचाळीस वर्षांत इतकी चिडलेली मी तिला फार थोड्या वेळा पाहिली आहे. "हे 'बघू' नव्हे! हे 'नको' आहे. माझं मी ठरवलंय. 'नको' म्हणजे आज नको. तुमच्या 'बघू'त आज पण नसतं आणि उद्या पण नसतं. लिहा त्याच्यावर." तिने खिळ्यावरून कात्रण काढले, आणि मी बोटीच्या चित्राच्या वर निळ्या शाईने लिहिले : 'या खेपेला नको. ४-१२-२१.' कात्रण पुन्हा खिळ्यावर गेले.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. नववर्षाच्या सुमारास मुंबईहून निघालेली एक बोट गोव्यात मुरगावला अडवली गेली. सुमारे दोन हजार लोकांच्या चाचण्या झाल्या, आणि ३ जानेवारी २०२२ला ६६ जण बाधित निघाल्याचे जाहीर झाले. बोट मुंबईला परत गेली. त्या दिवशी आमच्याकडे फोनची रीघ लागली. "वाचलात!" "मास्तर, तुमचा अंदाज म्हणजे अंदाज!" मुलाने तर माझे अभिनंदनच केले. आणि मी ते घेतले. टीव्हीसमोर बसून सौ.ला हाक मारली, "बघ, बघ!" तिने येऊन दोन मिनिटे पाहिले आणि टीव्ही बंद केला.

"त्या लोकांनी काय पाप केलंय? त्यांच्यात पण एखादी माझ्यासारखी असेल. तिने 'हो' म्हटलं, मी 'नको' म्हटलं. एवढंच."

हे मला पटायला आठवडा लागला, आणि तोही कसा, तर घरातच. जानेवारीच्या मध्यावर मला ताप आला. चाचणी केली, बाधित. बोटीवर नाही, विमानात नाही, लग्नात नाही. फार तर शनिवारखुंटावर भाजी आणायला गेलो असेन. दोन्ही डोस झालेले होते म्हणून खोकल्यावर निभावले. नियमाप्रमाणे सात दिवस मागच्या खोलीत. त्या खोलीला खिडकी आहे, पण ती बोळाकडे उघडते आणि समोर पोस्टमास्तरांची पाण्याची टाकी दिसते. सौ. दारापाशी स्टुलावर ताट ठेवायची, दोन पावले मागे जायची आणि बाहेरून विचारायची, "काय, केबिन बरी आहे ना?"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दाराशी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ती पलीकडे बसली, मी अलीकडे. दार बंद. तिने ताईचे बोलायला सुरुवात केली. वेंगुर्ल्याच्या बंदरापासून ते शेवटच्या फोनपर्यंत, दिवे लागेपर्यंत ती बोलत होती. मी मध्ये 'हूं' एवढेच म्हणत होतो. दार असल्यामुळे तिला बोलता आले की दार असूनही, हे मला सांगता येणार नाही.

पडल्या पडल्या मी मनात हिशेब केला. आधीच्या तीन महिन्यांत कितीतरी माणसे बोटीने निर्धास्त जाऊन आली. त्या एका खेपेला ६६ निघाले. माझ्या वहीतल्या कुठल्याच पानावर यांतला कोणता दिवस कोणता ठरेल हे लिहिलेले नव्हते. आमचा 'नको' बरोबर होता, कारण तो तिच्या भयाचा नीट विचार करून तिने घेतला होता. बातमी आली म्हणून तो बरोबर ठरला नाही. उलट माझा २०१८चा 'बघू' चूक होता, आणि त्या चुकीची बातमी कुठल्याही वाहिनीवर आली नाही.

२०२२च्या ऑक्टोबरात हिचा डावा डोळा तपासला. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालायचे ते उरलेली राखायला. घरी येताना रिक्षात ही गप्प होती. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी स्वयंपाकघरात गेली आणि कात्रण घेऊन आली. चित्र पिवळे पडले होते. "आता ही खेप," ती म्हणाली.

भाच्याला फोन लावला. या वेळी फोन तिनेच घेतला. तिला काय बघायचे होते ते तिने त्याला एका वाक्यात सांगितले : रात्री, पाण्यावरून, वेंगुर्ला.

पलीकडून तो हसला असावा. "मग मुंबईहून कशाला येतेस मावशी? मुंबईहून संध्याकाळी निघालेली बोट वेंगुर्ल्यापुढे येईपर्यंत ऊन पडतं. उलटी धर. मुरगावला चढ. संध्याकाळी सुटली की दोन-अडीच तासांत वेंगुर्ल्यासमोर. अंधार असतो. उजव्या बाजूला उभी राहा."

पस्तीस वर्षे भूगोल शिकवलेल्या माणसाच्या हे डोक्यात आले नव्हते. तिच्या वडिलांनी कबूल केलेली दिशाही हीच होती, कोकणातून मुंबईकडे. आणि मुरगाव तर आमच्या परसदारी!

जानेवारी २०२३ची पहिल्या आठवड्यातली तारीख, खिडकीची केबिन, पैसे नोव्हेंबरातच भरले. डिसेंबरच्या शेवटी चीनमधून पुन्हा बातम्या येऊ लागल्या. आमच्या राज्यात बंद जागी मास्क लावायची सूचना पुन्हा निघाली. मुलाचा फोन आला. माझा हात वहीकडे गेला. "वही राहू दे," ती म्हणाली. "या खेपेला 'हो' आहे." मास्क घेतले, साखरेच्या गोळ्या घेतल्या, डोळ्याचे थेंब घेतले, आणि चोर्ल्याच्या घाटाने खाली उतरलो.

बोटीचे वर्णन करीत नाही. जाहिरातीत होती तशीच होती, फक्त गालिच्यांना थोडा कुबट वास होता, आणि गाणी फार मोठ्याने. रात्री साडेसात-आठला सगळी माणसे जेवायला आणि नाच बघायला आत गेली, तेव्हा आम्ही दोघे वरच्या डेकवर उजव्या बाजूच्या कठड्याशी उभे होतो. वारा इतका की शाल दोन्ही हातांनी धरावी लागत होती. किनारा म्हणजे काळोखात एक बारीक, तुटक, पिवळी रेघ. त्या रेघेत मध्येच एक दिवा लागत होता आणि विझत होता. ती चांगल्या डोळ्याने बघत होती आणि बोटांवर काहीतरी मोजत होती.

"तोच काय?" मी विचारले.

"असेल," ती म्हणाली. मग थोडा वेळ काही बोलली नाही. दिवा मागे मागे गेला. "एवढासाच दिसतो," ती म्हणाली. "ताईला वाटायचं, सगळा गाव दिसत असेल."

वारा वाढला. मी शाल तिच्या मानेभोवती घेतली.

"चहा मिळतो का बघा," ती म्हणाली.